एका विरजणाची दोन घरं

आत्याबाई आमच्या शहरात आल्या त्या आठवड्यात कचरा मंडळाच्या तीन सदस्यांनी घरचं दही खाणं बंद केलं.

हे मी आजही हसल्याशिवाय सांगू शकत नाही. एकाला डॉक्टरांनी मनाई केली, दुसऱ्याला अचानक कडक उपास लागले आणि तिसरे, दिनकरराव थोपटे, यांनी तर भर बैठकीत जाहीर केलं की दह्यामुळे त्यांचे गुडघे धरतात. मी कोपऱ्यात बसून मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. यंत्र अजून खोक्यातून बाहेरही काढलं नव्हतं, आणि काम सुरू झालं होतं!

आत्याबाई म्हणजे यंत्र. कागदोपत्री त्याचं नाव 'ओला कचरा जनुकवाचक'. उंची शिलाई मशीनएवढी, रंग शेवाळी, आवाज मांजरासारखा. मंगळगडच्या डेपोवर कचरा निवडणाऱ्या बायकांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "बाई, हे करतंय काय?" मी म्हटलं, "कोणाचं कोणाच्या घरी येणं-जाणं आहे, ते सांगतं." त्यावर एक म्हणाली, "म्हंजे आमची आत्याबाईच की!" झालं. तेच नाव पडलं. पुढे मंत्रालयातून आलेल्या पत्रातसुद्धा एकदा 'आत्याबाईंचा अहवाल' असं छापून आलं.

ते यंत्र माझं. मी वृंदा खटावकर, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि मंगळगड शहर कचरा मंडळाची तांत्रिक सदस्य. ते कसं चालतं हे सांगताना मला अजूनही आनंदाच्या उकळ्या फुटतात, तेव्हा थोडं सहन करा.

दही लावताना आपण काय करतो? कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या कोमट दुधात घालतो. त्या चमच्यात अब्जावधी जिवाणू असतात. सकाळपर्यंत ते सहा-सात वेळा दुप्पट होतात, म्हणजे त्यांच्या सहा-सात पिढ्या होतात. वर्षाला दोन हजारांवर पिढ्या! माणसाच्या दोन हजार पिढ्या मागे जायचं तर गुहेत जाऊन बसावं लागेल. प्रत्येक पिढीत जनुकांची नक्कल होते आणि नक्कल करताना कधीतरी एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या दह्यात जाते, तिथून त्याच्या पुढच्या. दोन घरांनी आज एकच विरजण वाटून घेतलं, तरी काही महिन्यांत त्यांच्या चुका वेगळ्या व्हायला लागतात. आत्याबाई कचऱ्याच्या डब्यातली दह्याची खरवड घेतात, जिवाणूंच्या जनुकांचा धागा अतिसूक्ष्म छिद्रांतून ओढतात आणि प्रत्येक अक्षर जाताना विजेचा प्रवाह किती हलला त्यावरून ते अक्षर वाचतात. तासाभरात दोन घरांच्या विरजणांची वंशावळ समोर येते. सहा महिन्यांच्या आत ती एकमेकांत मिसळली असतील, तर जुळणी लागते.

आणि विरजण मागायला माणूस जातो कुठे? जिथे दार न वाजवता स्वयंपाकघरापर्यंत जाता येतं, तिथेच ना!

हे सगळं कशासाठी, तर टेकडीसाठी. मंगळगडच्या उत्तरेला कचऱ्याची टेकडी आहे. चाळीस वर्षांचा कचरा. उन्हाळ्यात ती आतून धुमसते आणि पायथ्याच्या वस्तीतली पोरं खोकत शाळेत जातात. ती हटवण्याचं काम आजवर तीनदा दिलं गेलं आणि तिन्ही वेळा मंडळातल्या कोणाच्या तरी पाहुण्याला मिळालं. कागदावर आडनावं वेगळी, स्वयंपाकघरं एक. सदस्य दरवेळी 'माझा कोणाशी संबंध नाही' असं लिहून सही करायचे आणि टेकडी तशीच धुमसायची. शेवटी २०३६ साली नवा नियम आला. तो लिहिण्यात माझा मोठा हात होता. मंडळावर बसायचं असेल किंवा काम मागायचं असेल, तर नात्यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि तीन दिवसांचा ओला कचरा सीलबंद डब्यात द्यायचा. बाकी कोणाच्याही कचऱ्याला आत्याबाई नाक लावणार नाहीत, हेसुद्धा मीच हट्टाने लिहून घेतलं.

"नातं असणं हा गुन्हा नाही," मी प्रत्येक भाषणात सांगायचे. "नातं सांगा आणि दाराबाहेर जाऊन बसा. लपवलंत, तर वर्षभर घरी बसा."

पहिल्याच फेरीत थोपटे सापडले. एका कंपनीचा संचालक त्यांचा साडू निघाला. थोपट्यांनी पुड्यातलं दही आणून बघितलं, पण पुड्यांतले जिवाणू सगळीकडे सारखेच असतात, ते लगेच ओळखू येतं. शिवाय त्यांच्या बायकोने नवऱ्याच्या गुडघ्यांसाठी माहेरचं विरजण टाकायला साफ नकार दिला होता. दोघी बहिणींचं एकच विरजण. थोपटे वर्षभर घरी बसले आणि या मे महिन्यात परत आले. माझ्याकडे बघण्याची त्यांची नजर तेव्हापासून जरा निराळीच असायची.

*

जूनच्या त्या गुरुवारी दुपारी तीन वाजता टेकडीचा निकाल लागायचा होता. पुढच्या वीस वर्षांचं काम. दोन निविदा उरल्या होत्या. एक मोठी कंपनी सगळं जाळू म्हणत होती. दुसरी साठ किलोमीटरवरच्या पाडळीची 'नवी माती' नावाची कचरावेचक बायकांची सहकारी संस्था. त्यांचं म्हणणं, टेकडी थराथराने उकलायची, जे वापरता येईल ते वेगळं करायचं आणि खालची जमीन पुन्हा श्वास घेईल अशी करायची.

त्यांचा प्रस्ताव वाचताना मी जेवायचं विसरले होते. कोणत्या थरात काय सापडेल, कोणत्या वर्षी प्लॅस्टिक वाढलं, कुठे वायू साठला असेल, हे हातांनी कचरा निवडलेल्या माणसाशिवाय कोणाला लिहिता येणार नाही. मागच्या बैठकीत मी त्यावर चाळीस मिनिटं बोलले होते. सर्वांत जास्त गुण मीच दिले होते. प्रस्तावाखाली सही होती, 'माया सरवदे, अध्यक्ष'.

सकाळी नऊला मी प्रयोगशाळेत गेले. आत्याबाईंचा अहवाल तयार होता. तो आधी मला दिसतो, तीन वाजता मंडळाला. मी चहाचा घोट घेत पडद्याकडे पाहिलं.

'जुळणी एक. सदस्य क्रमांक चार आणि नवी माती संस्थेचे अध्यक्ष. शेवटची देवाणघेवाण एका महिन्याच्या आत.'

सदस्य क्रमांक चार म्हणजे मी.

मी मोठ्याने हसले. मग छिद्रांची पट्टी बदलली, नमुना नव्याने घातला. तीच जुळणी. आता हसू आलं नाही. तिसऱ्यांदा स्वतःच्या हाताने सगळं धुऊन, पुसून, दोन्ही डब्यांची सीलं तपासून घातलं. आत्याबाई मांजरासारख्या गुरगुरल्या आणि पुन्हा तेच म्हणाल्या. माझ्या आणि त्या बाईंच्या दह्यात एका अक्षराचासुद्धा फरक नव्हता. मी माया सरवदे नावाच्या माणसाला जन्मात भेटले नव्हते. पण आमच्या घरी दही मी लावतच नाही. आई लावते.

*

आई फोडणी करत होती. मी दारातूनच विचारलं, "आई, आपलं विरजण तू कोणाला देतेस?"

"शेजारी मागितलं तर देते. का गं? आणि तू एवढ्यात परत कशी?"

"माया सरवदे कोण आहे?"

आईने गॅस बंद केला. मोहरी अजून तडतडायची होती.

"पहिल्या सोमवारी तू कुठे जातेस?"

"महादेवाला."

"आई."

"महादेवालाच जाते. पाडळीलासुद्धा आहे की महादेव." मग तिने हात पदराला पुसले आणि माझ्याकडे सरळ बघून म्हणाली, "हेमा आहे ती. आपली हेमा."

मी खाली बसले. तिथेच, ओट्याला टेकून.

हेमाताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. बावीस वर्षांपूर्वी, माझ्या दहावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी, ती घरातून गेली आणि तिने लग्न केलं. मुलगा टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीतला, त्याची आई टेकडीवर कचरा निवडायची. बाबांना जात कळली, पत्ता कळला आणि त्यांनी न्हाणीघरात जाऊन तिच्या नावाने आंघोळ केली. माणूस गेल्यावर करतात तशी. मग आईला करायला लावली आणि मलाही. डोक्यावरून ओतलेलं ते गार पाणी मला अजून आठवतं. त्या दिवसापासून आमच्या घरात मुलगी एकच. शाळेच्या अर्जावर, रेशनकार्डावर, नोकरीच्या कागदांवर, सगळीकडे. मी आधी तिच्यावर चिडले होते, माझा गणिताचा पेपर तिच्यामुळे बिघडला म्हणून. पुढे राग गेला. सवय राहिली.

"आणि माया?"

"ती म्हणाली, ज्या नावाने आंघोळ केली ते नाव मी कशाला लावू? मग तिने नवीन घेतलं." आई माझ्यासमोर खाली बसली. "तुझे बाबा गेले त्या वर्षापासून जाते मी. आठ वर्षं झाली."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

आठ वर्षांत एकदाही मी आईला विचारलं नव्हतं की ताई कुठे असेल, कशी असेल.

"पहिल्यांदा गेले तेव्हा तिचं दही नासलं होतं," आई सांगू लागली. आता तिला थांबवणं शक्य नव्हतं, आणि मला ते नकोही होतं. "पुढच्या खेपेला मी आपलं विरजण घेऊन गेले. तिच्याकडे जे लागलं ते इतकं गोड लागलं की त्यातलं थोडं मी इकडे आणलं. मग तसंच सुरू झालं. इथलं तिकडे न्यायचं, त्यात मिसळायचं, तिथलं इकडे आणायचं. दर महिन्याला. ती म्हणते, आई, एवढं एक तरी घर एकच राहू दे."

म्हणून एका अक्षराचाही फरक नव्हता! वेगळं व्हायला वेळच मिळत नव्हता. दर महिन्याला एक म्हातारी एसटीत बसून दोन वंशावळी पुन्हा एक करत होती. त्या अवघडलेल्या क्षणीसुद्धा माझ्यातली शास्त्रज्ञ उडी मारून उठली होती, हे मी कबूल करते.

आणि मग मला माझं प्रतिज्ञापत्र आठवलं.

त्याचा नमुना मीच तयार केला आहे. पहिल्याच पानावर रकाना आहे, 'सख्खी भावंडं'. त्यापुढे मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'नाहीत'. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. हात आपोआप तसा गेला. पण कागदाला हाताची सवय कळत नाही. नियम लिहिणारी, यंत्र बनवणारी, लोकांना भाषणं देणारी बाई, तिने सख्खी बहीण लपवली आणि तिच्या निविदेवर चाळीस मिनिटं कौतुक केलं. थोपट्यांना यापेक्षा गोड काय मिळणार होतं? आणि माझ्याबरोबर आत्याबाईही गेल्या असत्या. एकदा लोक म्हणाले की यंत्रवालीच खोटारडी, की पुन्हा जुने दिवस. टेकडी पुन्हा कोणाच्या तरी पाहुण्याकडे.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती ऐकत राहिली.

"कोणी बघितलं का अजून?"

"नाही. तीन वाजेपर्यंत फक्त मी."

"मग काही करता येत नाही?"

येत होतं. नियमच आहे, नमुन्याबद्दल शंका असेल तर सदस्याला दुपारी बारापर्यंत दुसरा देता येतो. शेजारच्या काकूंचं घरचं, अस्सल दही आणायचं, त्याची खरवड डब्यात टाकायची. काकूंची वंशावळ निराळी. आत्याबाई मान डोलावतील आणि म्हणतील, जुळणी नाही. ताईचा रकाना तसाच राहील. टेकडीसुद्धा योग्य माणसांच्या हाती जाईल. कोणाचं काय बिघडलं?

मी ते बोलून दाखवलं. माझ्याच तोंडून ते ऐकताना मला थोपट्यांचे गुडघे आठवले.

आई मात्र उठली. तिने जाळीच्या कपाटातून दह्याचं भांडं काढलं आणि मोरीकडे निघाली. "हे आधी धुऊन टाकते. तुझी नोकरी, तुझं नाव... हेमाला मी सांगेन समजावून. तिला सवय आहे."

"थांब!"

मी एवढ्या जोरात ओरडले की आई दचकली. भांडं तिच्या हातातून मी जवळजवळ हिसकावूनच घेतलं. पांढरं, घट्ट, वर साय धरलेलं दही. तिला सवय आहे. हे तीन शब्द मला थोबाडीत बसल्यासारखे लागले. एकदा तिच्या नावाने आंघोळ करून झाली होती. आता दुसऱ्यांदा भांडं विसळायचं होतं, तेही माझ्यासाठी.

आणि मग मला ते लक्षात आलं. आठ वर्षं मी रोज जेवताना ताईच्या हातचं दही खात होते! भातावर, थालीपिठाबरोबर, ताप आला तेव्हा साखर घालून. माझ्या ताटात ती रोज येत होती आणि मला पत्ता नव्हता. मला रडू यायला हवं होतं, पण झाला तो आनंद. इतका की मी चमचा घेऊन उभ्या उभ्या ते दही खाल्लं.

"अगं, विरजणापुरतं ठेव!" आई म्हणाली.

"आई, साडी बदल. डब्यात थोडं भर आणि माझ्याबरोबर चल. निकालाच्या वेळी अर्जदाराला हजर राहावं लागतं. ती आज येणार आहे."

*

तीन वाजता मंडळाच्या सभागृहात मला धरून सहा सदस्य आणि अध्यक्ष कुमठेकर सर बसले होते. कुमठेकर सर निवृत्त मुख्याध्यापक. मंडळाची बैठक ते अजूनही सातवीच्या वर्गासारखी घेतात. अर्जदार आपापल्या जागी, बाहेरच्या दालनात. आई बाहेरच्या बाकावर, मांडीवर डबा. आम्ही पोचलो तेव्हा पाडळीची माणसं यायची होती, आणि मी आत गेले ती मागे न बघता. बघितलं असतं तर पाय पुढे पडले नसते.

"आत्याबाई काय म्हणतात?" सरांनी चष्मा पुसत विचारलं.

मी उभी राहिले. खरं सांगते, मला पळत सुटावं असं वाटत होतं, पण भीतीने नाही, बाहेरच्या बाकाकडे.

"एक जुळणी आहे सर. नवी माती संस्थेच्या अध्यक्ष माया सरवदे आणि सदस्य क्रमांक चार. म्हणजे मी. तीनदा तपासलं. अहवाल बरोबर आहे. माझं प्रतिज्ञापत्र चूक आहे. मला एक सख्खी बहीण आहे, आणि मी 'नाहीत' असं लिहिलं आहे."

मग थोपट्यांची खुर्ची करकरली.

"वा रं वा! आवं बाई, आमाला वरीसभर घरी बसवलं तुमी! आमच्या साडूच्या दह्यापायी! आन् तुमी भैनीचं टेंडर घिऊन चाळीस मिंटं आरती वोवाळताय?"

"तुमचं बरोबर आहे."

"बरोबर हाय म्हंजे?" ते भांडायला निघाले होते, पाठिंब्याने गोंधळले. "मग ते यंतर बंद करा! यंतरवालीच खोटी, तर यंतराचं काय खरं?"

"थोपटे, खाली बसा," कुमठेकर सर म्हणाले. "यंत्राने ते बनवणाऱ्या बाईंना पकडून दिलंय. यापेक्षा खरं यंत्र मी तरी आजवर पाहिलं नाही. आता दुसरी बाजू बघू."

दुसरी बाजू म्हणजे अर्जदारांची प्रतिज्ञापत्रं. ती सीलबंद असतात, आत्याबाईंचा अहवाल वाचून झाल्यावरच फोडतात, म्हणजे कोणाला आधी काही जुळवून घेता येऊ नये. माझीच कल्पना. संस्थेनेही नातं लपवलं असेल, तर निविदा तिथेच बाद. हे माझ्या डोक्यात इतका वेळ आलंच नव्हतं. ताईने तरी का लिहिलं असेल? ज्या घराने तिचं नाव पुसलं, त्या घराचं नाव ती कागदावर कशाला ठेवेल?

सरांनी पाकीट फोडलं. कागद लांब धरला, जवळ आणला आणि वर्गात धडा वाचावा तसा वाचला.

"'मंडळाच्या सदस्य वृंदा खटावकर या माझ्या सख्ख्या धाकट्या बहीण आहेत. त्यांच्या बाजूने हे नातं बावीस वर्षांपूर्वी संपलेलं आहे. माझ्या बाजूने संपलेलं नाही, म्हणून लिहीत आहे. माया सरवदे.'"

त्यांनी कागद खाली ठेवला. थोपटे छताकडे बघत होते. मी टेबलाची कड घट्ट धरली, कारण डोळ्यांपुढचं सगळं सभागृह पाण्यात गेलं होतं.

"नियम काय सांगतो, बाई?" सरांनी विचारलं. त्यांना पाठ होता. त्यांना माझ्या तोंडून ऐकायचा होता.

"अर्जदाराने नातं सांगितलेलं आहे, त्यामुळे निविदा कायम राहते. माझे गुण रद्द. बाकीच्या सदस्यांनी प्रस्ताव पुन्हा वाचून नव्याने गुण द्यायचे. नातं लपवल्याबद्दल माझं सदस्यत्व एक वर्षासाठी स्थगित. आणि निकाल लागेपर्यंत मी दाराबाहेर बसायचं."

"मग बसा," सर म्हणाले. कडक आवाजात. पण मी वळले तेव्हा त्यांनी हळूच म्हटलं, "आणि जरा सावकाश जा. पडाल."

*

बाहेरच्या बाकावर आई होती. तिच्या शेजारी एक बाई बसली होती, सुती निळी साडी, दंडापर्यंत रापलेले हात, केसांत पांढरी बट. दोघींच्या मधे डबा. बाईने वर बघितलं आणि मला आधी तिचं कपाळ ओळखू आलं. आरशात रोज बघते तेच.

ती उभी राहिली. आम्ही दोघी एकमेकींपुढे अशा उभ्या, जसं काही दोघींनाही कोणी शिक्षा म्हणून उभं केलं आहे.

"लिहिलंस ते वाचलं सरांनी," मी म्हटलं. सुचलं तेच बोलले.

"हं."

"ते खोडून टाक. माझ्या बाजूने संपलंय, ते."

"शाईने लिहिलंय, विंदे." विंदे! हे नाव बावीस वर्षांत कोणी उच्चारलं नव्हतं. "आणि तू काय लिहिलंस?"

"नाहीत, असं."

ताईने मान हलवली. रागावली नाही, हसलीही नाही. "मला ठाऊक होतं. आईच्या बाजूला बसून रेशनकार्ड बघितलंय मी."

"मी चुकले, ताई."

हे एवढंच म्हणायला मला बावीस वर्षं आणि एक यंत्र लागलं. तिने माझ्या दोन्ही खांद्यांना धरलं, जोरात, कचऱ्याच्या गोण्या उचलून घट्ट झालेल्या हातांनी, आणि मला जवळ ओढलं. मी हमसून रडले आणि मधेच हसले, कारण तिच्या खांद्यावर मला चक्क आपल्या घरच्या ताकाचा वास आला.

"गणिताच्या पेपरचं काय झालं होतं?" तिने विचारलं.

"अठ्ठ्याण्णव."

"बघ! आणि आई म्हणायची, माझ्यामुळे बिघडला."

"दोन मार्क गेलेच ना!"

आई डबा उघडून बसली होती. आत किती बोलणी चालली होती, कोण कोणाशी भांडत होतं, आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. तासभर झाला असेल. ताई टेकडीबद्दल सांगत होती, दोन हजार सालच्या थरात काचेच्या बाटल्या कशा अखंड सापडतील, खालून वायू कसा काढायचा, आणि मी शाळेतल्या पोरीसारखे प्रश्न विचारत होते. तिच्या सासूने जिथे आयुष्यभर कचरा निवडला, तीच टेकडी तिला उकलायची होती.

दार उघडलं. शिपाई सर्जेराव बाहेर आले. वीस वर्षं ते निकाल सांगतात, चेहरा कधी हलत नाही. आज हलला.

"नवी माती. चार विरुद्ध दोन. सह्या करायला या म्हणालेत."

"चार?" मी म्हटलं. माझ्या हिशेबात तीन होते. "चौथा कोण?"

"थोपटेसाहेब. म्हणले, आमच्या साडूनं असं लिहून दिलं असतं, तर आमी बी सरळ भाईर जाऊन बसलो असतो."

ताईने पदर सारखा केला. दोन पावलं गेली आणि वळून माझ्याकडे हात केला. "चल."

मी उठले होते. मग थांबले.

"मला येता येत नाही, ताई. सह्या होईपर्यंत नात्यातल्या माणसाने बाहेर बसायचं. कलम सात."

"कोणी लिहिलंय असलं कलम?"

"मीच."

ती हसत आत गेली. दार बंद झालं. आईने डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि बाकाला टेकून डोळे मिटले. सर्जेरावांनी नोंदवही पुढे केली. दाराबाहेर बसलेल्या सदस्याचं नाव आणि कारण त्यात लिहावं लागतं, तेही माझंच कलम. मी पेन घेतलं आणि कारणाच्या रकान्यात, सगळ्यांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सख्खी बहीण'.